पांढरी रेघ

"मेस्त्री, पंचावन्नपर्यंत गाडी गप्प असते बघा. साठला गेली की बोलायला लागते. सत्तर झाली की परत जरा गप्प."

एवढं सांगून काका गॅरेजच्या बाकड्यावर बसले. जानेवारीतली सकाळ होती. नंदगडला त्या दिवसांत उन्हं वर येईपर्यंत पाने हातात धरवत नाहीत, इतके गार असतात. पोऱ्याने चहा आणला. मी कप हातात घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. केए २३ पासिंगची डिझेल पिकअप. काकांनी ती चार महिन्यांपूर्वी निपाणीत एका ओळखीच्या माणसाकडून घेतली होती. कोल्हापूरची घेतली असती तर एनओसी आणि टॅक्ससाठी हेलपाटे घालावे लागले असते. ही कर्नाटकातलीच, म्हणून बरी वाटली. भात, ऊस, काजू आणि हंगामात खानापूरच्या कुंभारांचे माठ बेळगावला पोहोचवायचे, असा त्यांचा हिशोब.

गाडी वाईट नव्हती. इंजिन एका सेल्फला सुरू होत होतं, धूर नव्हता, गिअर लोण्यासारखे पडत होते. पण साठला पोहोचली की केबिनच्या पायाखालून एक घुमटलेला आवाज यायचा. सीट, दाराची काच, डॅशबोर्डावरचा गणपती, सगळं त्या आवाजात सापडायचं. काका म्हणाले, "माठ भरलेले असले की माझा जीव गळ्यात येतो गा. पेंढा कितीही घाला."

माठ त्या थरथरीने फुटत होते की रस्त्यातल्या खड्ड्यांनी, हे मला सांगता आलं नसतं. पण गाडी स्वतःला खात होती, हे दिसत होतं. चार महिन्यांत सेंटर बेअरिंगचं रबर दोनदा फाटलं होतं आणि गिअरबॉक्सच्या शेपटीकडचं ऑइल सील गळत होतं. त्यावर उपाय म्हणून आधीच्या दोन ठिकाणी काय काय झालं, त्याची यादी काकांच्या तोंडपाठ होती. मागचे दोन टायर नवे. चारही चाकांचं बॅलन्सिंग दोनदा. इंजिनची माउंटिंगं नवी. सेंटर बेअरिंग दोनदा. प्रत्येक वेळी सांगणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की आता बघा. प्रत्येक वेळी गणेबैलच्या अलीकडे काटा साठवर गेला की गाडी पुन्हा बोलायला लागायची.

"आणि घेताना काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"खालचे क्रॉस नवे घातलेत म्हणाला. चार वर्षं बघायला नको म्हणाला."

हे वाक्य मी ऐकलं आणि चहाबरोबर गिळून टाकलं. ते तेव्हाच जिभेवर घोळवायला हवं होतं.

आमच्याकडे ही व्याधी ओळखायची म्हणजे आधी रस्त्यापासून अडचण. नंदगड ते खानापूर हा दहा-बारा किलोमीटरचा तुकडा. वळणं, झाडी, मध्येच बैलगाडी, मध्येच ट्रॅक्टरची ट्रॉली. साठ गाठायची म्हणजे खानापूर पार करून बेळगावच्या हमरस्त्याला लागायचं. म्हणून इथल्या गाड्यांचे काही रोग गावात लपून राहतात. गाडी घेताना माणूस गल्लीत चालवून बघतो, फार तर बाजारापर्यंत नेतो, आणि समाधानाने पैसे मोजतो. काकांनीही निपाणीत तेच केलं होतं.

मलप्रभेचा पूल ओलांडून आम्ही हमरस्त्याला लागलो. मी चालवत होतो, काका शेजारी. साठ झाले, आवाज आला. पाचव्यातून चौथ्यात टाकली आणि वेग तोच ठेवला. इंजिनचे फेरे वाढले, पण आवाज जिथे होता तिथेच. मग क्लच दाबून न्यूट्रल केली. इंजिन आळशासारखं खाली आलं, गाडी आपल्या वेगाने पळत राहिली आणि आवाज तसाच. म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही. इंजिनच्या फेऱ्यांशी या आवाजाचं नातं नव्हतं, नातं होतं ते रस्त्याच्या वेगाशी. गिअरबॉक्सच्या शेपटीपासून मागच्या चाकांपर्यंत जे काही फिरतं त्यात चोर होता. माउंटिंगांचे पैसे तर गेलेच होते. ही चाचणी करायला दोन मिनिटं लागतात आणि पाना लागत नाही.

परत येऊन गाडी घोडीवर घेतली. घोडी मागच्या हाउसिंगखाली लावली, चेसिसखाली नाही. चेसिसखाली लावली की धुरा खाली लोंबकळतो, शाफ्टचा कोन बदलतो आणि नसलेला रोग दिसायला लागतो. दोन्ही चाकं उतरवली, ड्रमांना नट आवळून ठेवले, पुढच्या चाकांना दगड लावले आणि पोऱ्याला लांब उभं करून गाडी गिअरमध्ये फिरवली. काटा साठवर गेला आणि आवाज आला. चाकंच नव्हती, आवाज होता. म्हणजे टायरही निर्दोष. काकांनी कपाळावर हात मारला नाही, पण ते नव्या टायरांकडे बराच वेळ बघत राहिले.

राहिला शाफ्ट.

आमच्याकडे शाफ्ट म्हटलं की तो प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्समधून निघून गाडीच्या पोटाखालून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारी लोखंडी नळी. या गाडीत ती दोन तुकड्यांत आहे. मधे सेंटर बेअरिंग, सांध्यांना क्रॉस, आणि मागच्या तुकड्याला एक सरकता जोड. पाटे दबले-उठले की हाउसिंग वर-खाली होतं, म्हणून नळीला थोडं लांब-आखूड व्हावं लागतं. ते काम हा जोड करतो. आत दातेरी दांडा, बाहेर दातेरी बाही.

मी शाफ्ट हलवून बघितला. क्रॉसमध्ये ढिलाई नव्हती. नळीला पोचा नव्हता. पण कारखान्यात बॅलन्ससाठी चिकटवलेल्या पत्र्याच्या तुकड्यांपैकी एक निघून गेल्याचा डाग दिसला आणि मला वाटलं, सापडलं. वजनाचा तोल गेलेला शाफ्ट. तो बेळगावला उद्यमबागेत नेऊन बॅलन्स करायचा, काम संपलं.

उतरवण्याआधी मी नेहमीसारखं केलं. चिंधीने एका बाजूचा चिखल पुसला आणि ब्रशने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. फ्लँजपासून नळीवर, नळीवरून बाहीवर, बाहीवरून पुढच्या योकवर. सरळ, ठळक, बोटभर रुंद. मी उद्यमबागेत अकरा वर्षं काम केलं. तिथल्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेली ही गोष्ट: खूण केल्याशिवाय नट ढिला करायचा नाही. जे जसं होतं तसंच परत बसलं पाहिजे. आजवर या सवयीने मला कितीतरी वेळा वाचवलंय.

दुसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट खांद्यावर टाकून मी बसमध्ये चढलो. कंडक्टरने गोणपाटाकडे बोट केलं. "एन्री इदु?"

"गाडीचं हाड," मी म्हटलं. त्याने हसून लगेजचं तिकीट फाडलं.

उद्यमबागेतल्या बॅलन्सिंगवाल्याकडे शाफ्ट मशिनवर चढला. दोन टोकं धरली, मोटर सुरू झाली, काटा थरथरला. त्याने एका जागी पत्र्याचा तुकडा टाचला, पुन्हा फिरवलं, अजून एक छोटा तुकडा. तिसऱ्या खेपेला काटा शांत. मी निर्धास्त होऊन परत आलो, पांढऱ्या रेघेला रेघ जुळवून शाफ्ट चढवला आणि काकांना घेऊन खानापूर गाठलं.

साठ. गाडी बोलायला लागली.

काका काही बोलले नाहीत. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी काट्याकडे. मी आता त्यांच्या यादीतला तिसरा माणूस झालो होतो.

पुढचे दोन दिवस गाडीला हात लावला नाही. लावायचा तर काय, हेच कळत नव्हतं. मध्ये २६ जानेवारी आली. १८३१ साली याच तारखेला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडात फाशी दिली होती. त्या दिवशी दूरदूरहून लोक येतात, रस्ता गाड्यांनी गच्च असतो. चाचणी घ्यायची सोय नाही म्हणून मी गॅरेजमध्येच बसलो होतो. काका आले ते धाकट्या भावाला घेऊन. हे धाकटे भजनी मंडळात पेटी वाजवतात. गाडीच्या भानगडीशी त्यांचा संबंध नव्हता, ते रायण्णाच्या दर्शनाला निघाले होते. बोलता बोलता त्यांनी सहज म्हटलं, "दादा म्हणतो गाडी बोलते. मी परवा बसलो होतो. बोलत नाही ती, सूर धरते."

"म्हणजे?"

"साठच्या जरा पुढे गेली की पांढरी एक. पण लई खालची. मंद्राच्याही खाली. मी मोबाईलवर तानपुरा लावून बघितला, बरोबर जुळतोय."

मी हातातला पाना खाली ठेवला.

सूर म्हणजे सेकंदाला किती थरथरी, हे पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला लहानपणी सांगितलं होतं. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी एक सेकंदाला सुमारे २६२ वेळा थरथरते. सप्तक एक खाली आलं की निम्मी होते, १३१. अजून एक खाली, ६५ च्या आसपास. म्हणजे काकांची गाडी साठच्या पुढे सेकंदाला साधारण ६५ वेळा हादरत होती. आता गाडीत सेकंदाला ६५ वेळा काय होतं, एवढंच शोधायचं होतं.

पोऱ्याला बोलावलं. मागच्या टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची खूण केली, गाडी चाकाचा एक फेरा होईपर्यंत ढकलली आणि टेप लावला. २ मीटर १४ सेंटिमीटर. पुन्हा एक फेरा ढकलली, यावेळी पोऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारून खाली आडवा पडला आणि मोजत राहिला. "चार, आणि वर एवढंसं." म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चारपेक्षा थोडे जास्त फेरे.

बाकीचं गणित सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर झालं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सोळा मीटर आणि सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. त्याला २.१४ ने भागलं की चाकाचे सेकंदाला जवळजवळ आठ फेरे. चाकात खोट असती तर सेकंदाला आठ धक्के बसले असते. ते स्टिअरिंगवर हाताने जवळजवळ मोजता येतात, त्यांना सूर म्हणत नाहीत. शाफ्टचे फेरे त्याच्या चौपट, बत्तीस. शाफ्टच्या वजनाचा तोल गेला असता तर दर फेऱ्याला एक झटका, म्हणजे सेकंदाला ३२. धाकट्यांनी ऐकलेला सूर होता ६५ चा, बत्तीसच्या बरोबर दुपटीचा. साठच्या जरा पुढे म्हणाले होते, तेही जुळत होतं.

शाफ्टच्या एका फेऱ्याला दोन झटके. मी इतके दिवस एका झटक्याच्या रोगावर औषध देत होतो.

फेऱ्याला दोन झटके देणारी गोष्ट शाफ्टमध्ये एकच असते, क्रॉस. तो झिजलेला नसला तरी देतो, कारण तो त्याचा स्वभाव आहे. क्रॉसचा सांधा वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा एका बाजूने सारख्या वेगाने फिरवलं तरी दुसरी बाजू सारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावते, दोनदा किंचित मागे राहते. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने या सांध्यावर काम केलं, म्हणून पुस्तकात त्याला हूकचा जॉइंट म्हणतात. त्याआधीच्या इटलीच्या कार्डानोवरून युरोपात त्याला कार्डन म्हणतात. कोन पाच अंशांचा असेल तर हा फरक शेकडा अर्ध्याहूनही कमी पडतो. पण तोच फरक सेकंदाला चौसष्ट वेळा झाला की डॅशबोर्डावरचा गणपती डोलायला लागतो.

मग सगळ्याच गाड्या का नाही घुमत? कारण नळीच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो आणि पहिल्याची चूक दुसरा फेडतो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन बायका आठवा. एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, म्हणून पाळू एकसारखी फिरते. दोघींचा ताल थोडा चुकला की जातं कचकायला लागतं. दोघींच्या हातात ताकद असते, जात्यात दोष नसतो, तरी पीठ जाडं पडतं. शाफ्टचं तसंच. पहिला क्रॉस पुढे धावतो त्याच क्षणी दुसऱ्याने मागे राहिलं पाहिजे. त्यासाठी दोन अटी. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या योकचे कान एका सरळ रेषेत हवेत.

आधी कोन बघितले. मनातून मला तिथेच काहीतरी सापडावं असं वाटत होतं. पिकअपमध्ये जास्त माल घालता यावा म्हणून लोक मागे एखादा पाटा वाढवतात, हाउसिंगचं नाक वर उचललं जातं आणि कोन बिघडतो. तसं असतं तर दोष पाट्यांवर गेला असता, माझ्यावर नाही. मोबाईलमधली लेव्हल गिअरबॉक्सच्या फ्लँजला लावली, मग मागे पिनियनच्या फ्लँजला. फरक अर्ध्या अंशाचाही नव्हता. पाटे कंपनीने दिले तेवढेच होते.

उरले कान. शाफ्टच्या मागच्या तुकड्याच्या एका टोकाला उताणा पडलो की दुसरं टोक दिसत नाही. मध्ये सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट, बाजूला डिझेल टाकी. डोक्याजवळचे कान बघितले, सरकत सरकत पायाकडे जाऊन तिकडचे बघितले आणि मधल्या वेळात पहिले कसे होते ते विसरलो. शेवटी दोन्ही टोकांच्या कानांवर प्रत्येकी एक लाकडी फूटपट्टी सुतळीने बांधली आणि गाडीच्या बाजूला जमिनीवर गाल टेकवून बघितलं. एक पट्टी आडवी होती. दुसरी किंचित कलंडलेली, भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांऐवजी नऊ मिनिटं दाखवतं तेवढी वाटली. पण बाजूने कमी दिसतं. जवळ जाऊन मोजलं तर वीस अंशांच्या वर.

रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश घेतला. गाडीच्या पोटाला आमच्याकडची तांबडी माती बसली होती. पावसाळ्यात चिखल म्हणून उडते, दिवाळीनंतर वाळते आणि सायलेन्सरच्या उष्णतेने भाजून निघते. याच मातीची खानापुरात कौलं होतात, गाडीखालीही होतात. बाहीभोवतीचं ते कौल ब्रशने खरवडलं. खाली जुना ग्रीस, त्याखाली काळा रंग. रॉकेलची चिंधी फिरवली तसा बाहीवर लोखंडात ठोकलेला एक लहानसा बाण वर आला. नखाएवढा. मग नळीच्या बाजूने खरवडत गेलो. तिथेही एक बाण. दोघांनी एकमेकांकडे तोंड करायचं असतं. करत नव्हते. एका दाताचा फरक होता.

आणि त्या दोन बाणांच्या दुसऱ्या अंगाला, नळीच्या पाठीवर, माझी पांढरी रेघ होती. नळीवरून बाहीवर गेलेली, अजिबात न तुटलेली, मोठ्या अभिमानाने जुळलेली.

मी तिथेच उताणा पडून राहिलो. काय घडलं असेल ते आता सरळ दिसत होतं. निपाणीत विकण्याआधी कोणीतरी क्रॉस बदलले. बदलताना सरकता जोड बाहेर आला. बाण मातीखाली होते. ज्याने केलं त्याने दांडा बाहीत सरकवला, सहज गेला, बसला. एक दात इकडे काय किंवा तिकडे काय, हाताला फरक जाणवत नाही. काही गाड्यांना एक रुंद दात देतात, चुकीचं बसूच नये म्हणून. या गाडीला तो नव्हता. नवे क्रॉस, स्वच्छ काम, मालकाला समाधान, आणि विकताना सांगायला एक चांगली गोष्ट. काकांनी जे गाडीचं बळ म्हणून विकत घेतलं तेच तिचं दुखणं होतं. सुटे भाग सगळे उत्तम होते, म्हणूनच सुटे भाग बदलून कोणाला काही सापडलं नाही.

पण त्या माणसाला बोल लावायचा तर मला आधी माझ्या रेघेकडे बघावं लागेल. त्याने निदान चूक नकळत केली. मी ती चूक रंगाने अधोरेखित करून, उतरवून, बसमधून बेळगावला नेऊन आणली आणि जिथल्या तिथे परत बसवली. उद्यमबागेतल्या मशिनवर ती का कळली नाही तेही आता कळत होतं. मशिनवर शाफ्ट सरळ फिरतो. सरळ फिरणाऱ्या क्रॉसला पुढे-मागे धावायचं कारणच नसतं, मग कान कसेही असोत. गाडीखाली तो वाकून फिरतो. त्याचा दोष वाकल्यावरच दिसतो.

उस्तादांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. खूण केल्याशिवाय नट ढिला करायचा नाही. त्यात चूक काही नाही. पण उस्तादांच्या टेबलावर जी मशिनं यायची ती कारखान्यांची, एका हातातली. शेवटचा नट त्यांनीच आवळलेला असायचा. त्यामुळे 'जसं होतं तसं' म्हणजे 'बरोबर होतं तसं' असा अर्थ तिथे आपोआप व्हायचा. माझ्या गॅरेजात येणाऱ्या गाड्या तशा नाहीत. सेकंडहँड म्हणतात खरं, पण हात दोनच कुठे असतात? निपाणीचा, चिकोडीचा, कुठल्याशा हायवेवरच्या रात्रीच्या मेस्त्रीचा, घाईत असलेल्या ड्रायव्हरचा. 'जसं होतं' हे त्यातल्या शेवटच्या हाताचं मत असतं. मी त्या मतावर रेघ ओढली होती. आणि ज्याने गाडी घडवली त्याची खूण माझ्या रेघेपासून वीतभर अंतरावर मातीखाली गाडलेली होती. मी एकाच बाजूचा चिखल पुसला होता, रेघेपुरता.

जोड बाहेर ओढला, एक दात फिरवला, बाणासमोर बाण आणला आणि आत सरकवला. सगळं धरून वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी काका आणि त्यांचे धाकटे दोघेही गाडीत बसले. खानापूर, पूल, हमरस्ता. पन्नास. पंचावन्न. साठ. काका काट्याकडे बघत होते आणि धाकटे डोळे मिटून बसले होते. बासष्ट. पासष्ट.

"गेला," धाकटे म्हणाले. "सूर गेला."

मी वेग वाढवला. पंच्याऐंशीला सीटखाली एक बारीक झिणझिण आली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. मी मात्र तिची वाटच बघत होतो. ती फेऱ्याला एका झटक्याची झिणझिण होती, आणि ती माझी होती. बॅलन्स चुकीच्या दातावर केलेलं होतं, आता दात बदलल्यावर वजनाचा हिशोब थोडा हलणारच. म्हणजे पुन्हा गोणपाट, पुन्हा बस, पुन्हा लगेजचं तिकीट. बॅलन्सिंगवाल्याने स्वतः टाचलेले दोन तुकडे काढताना माझ्याकडे बघितलं. मी बाण दाखवला. तो एवढंच म्हणाला, "हे धुऊन आणायचं असतं." दुसऱ्या खेपेचे पैसे मी काकांकडून घेतले नाहीत. घेण्यासारखे नव्हतेच.

आता गॅरेजमध्ये शाफ्ट उतरवायचा झाला की आधी रॉकेल आणि ब्रश निघतो. पोऱ्या कंटाळतो. बाण सापडला तर कंपनीची खूण आणि गाडीची आजची स्थिती जुळते का बघायचं, मगच आपली रेघ. बाण नसला तर दोन पट्ट्या बांधून कान बघायचे. आणि जुनी गाडी घेणारा कोणी विचारायला आला तर मी त्याला सांगतो, चकचकीत नवा भाग दिसला तर खूश होण्याआधी विचार की तो का बदलला, आणि बदलल्यावर गाडी साठ-सत्तरला कोणी चालवून बघितली का. गल्लीत नको, खानापूरच्या पुढे ने.

काकांच्या गाडीचा शाफ्ट शेवटचा चढवायच्या आधी पोऱ्याने दोन्ही बाणांच्या खाचांत पांढरा रंग भरला. पुढच्या कोणाला शोधावे लागू नयेत म्हणून. ते करून तो उठायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि नळी उलटी फिरवली. तिथे माझी जुनी रेघ अजून होती. दात बदलल्यामुळे आता मधे तुटलेली, पण बाणांपेक्षा कितीतरी ठळक. उद्या कोणी दुसऱ्या गावात ही गाडी उघडली तर त्याचा हात आधी तिच्याकडेच गेला असता. तुटलेली रेघ बघून त्याने मोठ्या काळजीने ती जुळवली असती.

मी पोऱ्याच्या हातून ब्रश घेतला आणि ती रेघ लोखंड दिसेपर्यंत खरवडून काढली.